हार्ड डिस्कमधली लग्नं विकायला काढू नका

पत्र

मी नाशिकला पंचवटीत राहतो. बरीच वर्षं लग्नांचे व्हिडिओ शूट करतोय. स्वतःचे दोन कॅमेरे, गिंबल, एडिटिंगचा कॉम्प्युटर, सगळं हप्त्यावर घेतलेलं. सीझनला दिवस पुरत नाही, पण आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत काम जवळजवळ बंद. हप्ते मात्र बारा महिने. परवा मोबाइलवर जाहिरात पाहिली की स्टॉक फुटेज विका आणि झोपेत डॉलर कमवा. कोर्सची फी पंधरा हजार. माझ्या हार्ड डिस्कांत कितीतरी लग्नांचा डेटा पडून आहे. हळदी, मेंदी, वराती, सगळं. तो तसाच टाकला तर चालेल का? ड्रोन घ्यायचंही डोक्यात आहे. गोदाघाट आणि द्राक्षबागा वरून घेतल्या तर विकल्या जातील असं वाटतं. बायको म्हणते आधी हप्ते फेडा. माझं इंग्रजी बेताचं आहे. काय करू?
— पंचवटीतला एक शूटिंगवाला

उत्तर

नमस्कार दादा,

स्टॉक फुटेज म्हणजे कुणालाही परवाना घेऊन वापरता येतील अशा तयार क्लिपा साइटवर विकायला ठेवणं. ते करा, जरूर करा. पंधरा हजारांचा कोर्स घेऊ नका. ड्रोन यंदा नको. आणि त्या हार्ड डिस्कांना या कामासाठी हातही लावू नका. हे शेवटचं सगळ्यात आधी घेतो, कारण बाकीच्यात चुकलात तर वेळ किंवा पैसा जाईल. यात चुकलात तर असलेला धंदा जाईल.

कॅमेरा माझा, मेहनत माझी, म्हणजे फुटेज माझं, असं आपल्या लाइनीत सगळेच धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमात सांगितलंय की कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला किंवा चित्रीकरण करून घेतलं, तर उलट करार नसेल तेव्हा त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो मोबदला देणारा. म्हणजे पार्टी. आता आपल्याकडे करार कसला असतो? व्हॉट्सॲपवर तारीख पक्की झाली, फोनवर ॲडव्हान्स आला, संपलं. तेव्हा तुमच्या डिस्कमधला जवळपास सगळा डेटा कायद्याने तुमचा नाही, लोकांचा आहे. तुमच्याकडे फक्त पडून आहे.

समजा एखादी पार्टी हसून म्हणाली, ‘विका हो, आमचं काय जातंय.’ तरी काम भागत नाही. जाहिरातीसाठी विकल्या जाणाऱ्या क्लिपमध्ये जो जो ओळखू येतो त्या प्रत्येकाची लेखी संमती एजन्सी, म्हणजे स्टॉक विकणारी साइट, मागते. त्या कागदाला मॉडेल रिलीज म्हणतात. वरातीत नाचणाऱ्या दोनशे जणांच्या सह्या तुम्ही कुठून आणणार? मागे बँडवर वाजणारं गाणं तिसऱ्याच कुणाच्या मालकीचं. आणि एवढं सगळं डोळ्यांआड करून क्लिप गेलीच, तर ती कोण घेईल यावर तुमचा ताबा नाही. एखाद्या नवरीचा चेहरा उद्या कर्जाच्या जाहिरातीत दिसला, की पंचवटीत ही बातमी पोचायला एक सकाळ पुरते. पुढच्या सीझनला फोन वाजणार नाही.

लग्नाचं फुटेज मात्र लोक घेतात, तेव्हा ते मुद्दाम तयार करा. चुलत बहीण, मित्र, त्याची बायको यांना घरच्या अंगणात बसवा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि मुंडावळ्या, अंतरपाट, अक्षता टाकणारे हात, जात्यावरची हळद असं एकेक शूट करा. स्टॉकच्या साइटवर भारतीय लग्न शोधून बघा, लेहंगा आणि शेरवानीचा पूर आहे. आपलं मराठी लग्न तिथे अंग चोरून उभं आहे.

आता ‘झोपेत डॉलर’. हा धंदा तुम्हाला लगेच कळेल असं सांगतो. मंडपवाल्याकडे नवरा-नवरीचं सिंहासन एखाद-दुसरं असतं आणि साध्या खुर्च्या हजारभर. कौतुक सिंहासनाचं होतं, भाडं मात्र खुर्च्या आणतात. कारण बारसं, दहावा, प्रचारसभा, सगळीकडे खुर्ची लागते. स्टॉकमध्ये तुमची क्लिप विकली जात नाही, वापरायचा परवाना विकला जातो, आणि तीच क्लिप कितीही जणांना पुन्हा पुन्हा देता येते. तुम्ही पत्रात लिहिलेला गोदाघाटाचा ड्रोन शॉट हे सिंहासन आहे. सगळ्यांना तोच काढायचा असतो. मुंबई, बंगळुरू किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या एडिटरला मात्र हवं असतं काहीतरी फार साधं: शेतात उभं राहून मोबाइल बघणारा शेतकरी, क्रेटमध्ये टोमॅटो टाकणारे हात, पावसात बंद पडलेली दुचाकी ढकलणारा माणूस, रेशनच्या दुकानात अंगठा लावणारी आजी. पीकविम्याची जाहिरात, बँकेचा वार्षिक व्हिडिओ, हवामानावरची डॉक्युमेंटरी, सगळ्यांना हीच खुर्ची लागते.

पैशाचं गणित असं. ‘ॲडोबी स्टॉक’ ही एजन्सी व्हिडिओच्या विक्रीतले ३५ टक्के तुम्हाला देते. शटरस्टॉक या दुसऱ्या एजन्सीवर १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत; विक्री वाढेल तसे तुम्ही वर चढता आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या १५ टक्क्यांवर येतात. हो, दरवर्षी. या नियमावर २०२० मध्ये जगभरच्या लोकांनी आरडाओरडा केला, नियम तसाच राहिला. एखादी क्लिप ६० डॉलरला गेली तर ३५ टक्क्यांनी २१ डॉलर, म्हणजे दीड-दोन हजार रुपये हातात. ऐकायला छान. पण तीच क्लिप कुणी मोठ्या सबस्क्रिप्शनमधून उचलली तर एक-दोन डॉलरवरही भागतं. कुठली क्लिप कधी जाईल याचा नेम नाही, आणि पहिले काही महिने बहुतेक काहीच जात नाही. तेव्हा या पैशाच्या भरवशावर एकही हप्ता धरू नका. वहिनी म्हणतात ते बरोबर आहे.

एकाच दुकानाशी बांधून घ्यायची सक्ती नसते. ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’ ठेवलं की तीच क्लिप तीन-चार ठिकाणी टाकता येते. तुमच्यासारख्याने तसंच करावं. दुकानं तशीही कमी होत चालली आहेत. पाँड-फाइव्ह हे व्हिडिओसाठी नावाजलेलं ठिकाण २०२२ मध्ये शटरस्टॉकने विकत घेतलं, आणि शटरस्टॉक आणि गेटी ही आणखी एक मोठी एजन्सी यांनी जानेवारी २०२५ मध्ये एकत्र येण्याची घोषणा केली. विकत घेणारे मोठे होत जातात तेव्हा विकणाऱ्याला दर ठरवता येत नाही, हे लासलगावच्या कुठल्याही कांदेवाल्याला विचारा.

आणि यात झोप कुठे आहे म्हणाल, तर ती खूप पुढे आहे. शूटिंग हा यातला सोपा भाग. मग क्लिप कापायची, रंग नीट करायचा, इंग्रजीत मथळा, इंग्रजीत कीवर्ड, रिलीजचे कागद जोडायचे, चार ठिकाणी चढवायचं, नापास झालेलं पुन्हा बघायचं. तुम्हाला सीझनमध्ये रात्री दोनपर्यंत एडिटिंगची सवय आहे, म्हणून तुम्ही हे कराल असं मला वाटतं. कोर्स विकणारे नेमका हाच भाग जाहिरातीत दाखवत नाहीत. ते जे शिकवतील ते सगळं त्या एजन्सींच्या मदत-पानांवर फुकट आहे. शिवाय ज्याला खरंच झोपेत डॉलर मिळतात तो जागा राहून पंधरा-पंधरा हजार कशाला गोळा करेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

लग्नाच्या शूटिंगमधलं बरंच काही तुम्हाला इथे सोडावं लागेल. आपला हात सतत हलता असतो. गिंबल फिरतंय, स्लो मोशन, तीन सेकंदांत कट. स्टॉकमध्ये ट्रायपॉड लावा आणि क्लिप दहा-पंधरा सेकंद तशीच चालू द्या. ॲडोबी आणि शटरस्टॉक दोन्हीकडे पाच सेकंदांपेक्षा छोटं आणि साठपेक्षा मोठं चालत नाही. सुरुवातीला आणि शेवटी फ्रेम स्थिर हवी, एडिटरला कापायला जागा लागते. लग्नाचा तो नारिंगी-निळा लूक इथे नको. रंग नैसर्गिक ठेवा, घेणारा स्वतःचा लूक चढवेल. शक्य असेल तिथे ४के. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तेव्हा घरात किंवा शेडमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एकपन्नासांश सेकंद ठेवा. ३० फ्रेमवर एकसाठांश ठेवलंत तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली उजेड लुकलुकतो आणि क्लिप नापास होते. हॉलच्या अंधारात आपण आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, बिनधास्त चढवतो; त्याने चित्रात येणारा दाणा इथे चालत नाही. आणि लोगो! ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं नाव, क्रेटवर छापलेलं पॅकहाउसचं नाव, मजुराच्या टी-शर्टवरची कंपनी, काहीही दिसलं की जाहिरातीच्या वापरासाठी ती क्लिप बाद. शूट करण्याआधी क्रेट उलटा फिरवून ठेवायची सवय लावून घ्या.

पाऊस चालू आहे, कामं नाहीत, हीच तुमची संधी. इगतपुरी आणि त्र्यंबककडे भाताची आवणी चालू असते. चिखलात वाकलेली रांग, हातातली रोपांची जुडी, डोक्यावरचं इरलं किंवा प्लास्टिक. ढगाळ उजेड इतका मऊ असतो की चेहऱ्यावर एकही कडक सावली पडत नाही. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा याच दिवसांत निवडतात, सडका बाजूला, चांगला बाजूला. कांद्याचा भाव वर गेला की देशभरच्या चॅनेलांना कांद्याचं फुटेज लागतं, आणि तो भाव कधी ना कधी वर जातोच. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा सीझन तोंडावर येईल. पाऊस अगदीच थांबेना तर येवल्याला जा, पैठणीच्या मागावर घरात बसून दिवसभर काम होतं. मालकाची परवानगी लेखी घ्या, तिला प्रॉपर्टी रिलीज म्हणतात.

मग ऑक्टोबर छाटणी. तुमचा सीझन सुरू व्हायच्या आत बागांत कात्र्या चालायला लागतात, यापेक्षा बरी जुळणी तुम्हाला मिळणार नाही. द्राक्षाचं फुटेज म्हटलं की सगळे जण जानेवारी-फेब्रुवारीतले लगडलेले घड काढतात. छाटणी, काडीवर पेस्ट लावणं, काडीवरचे फुटणारे डोळे म्हणजे कोंब, विरळणी, घड बुडवून काढणं ही मधली कामं फार कमी जणांनी नीट टिपली आहेत. एका कामाचे पाच-सहा शॉट घ्या: लांबून, मधून, हात, चेहरा, हत्यार, पडलेली काडी. एडिटर एक क्लिप घ्यायला येतो आणि त्याच माणसाची, त्याच उजेडातली आणखी तीन दिसली तर तीही घेतो. फुटणाऱ्या डोळ्याचा टाइमलॅप्स जमवलात तर उत्तमच. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपावर हाच प्रयोग केला होता, रोज थोडं थोडं टिपून, आणि ती छोटीशी फिल्म दाखवून पैसेवाल्यांना पटवलं होतं. जिल्ह्याची परंपरा म्हणून तरी करा.

इथे थोडं थांबतो, कारण पुढचं कुठल्याही कोर्समध्ये सांगत नाहीत. बागेतली बरीचशी कामं पेठ-सुरगाण्याकडून टोळीने आलेली माणसं करतात. त्यांच्यासमोर इंग्रजी फॉर्म धरून ‘इथे सही करा मावशी’ म्हणणं सगळ्यात सोपं. तसं करू नका. फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते मराठीत नीट सांगा: हा व्हिडिओ मी विकणार, तो कोण घेईल मला माहीत नाही, टीव्हीवर येईल, परदेशातही येईल, आणि एकदा विकला गेलेला परत मागता येत नाही. नको म्हणाल्या तर नको. हो म्हणाल्या तर त्या वेळेची मजुरी द्या. तुमच्या शूटिंगपायी त्यांची उक्ती कामाची गती मोडते, ती भरून द्यायलाच हवी. फॉर्मवर साक्षीदाराची सही लागते तिथे ती खरी घ्या, मुकादमाकडून दहा एकदम मारून घेऊ नका. लहान मूल असेल तर आई-वडिलांची सही. आणि चेहऱ्याविना भागत असेल तर हातांवर राहा. कष्टाचे हात कॅमेऱ्यात फार बोलतात आणि ओळखू येत नसतील तर रिलीजची अडचणही राहत नाही.

ड्रोन. नाशिकचा नकाशा समोर घ्या. ओझरला एचएएल आणि विमानतळ, देवळालीला तोफखान्याचं स्कूल, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. इतक्या संवेदनशील जागा एका शहराभोवती क्वचित असतात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर लाल-पिवळा-हिरवा भाग बघावा लागतो. लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय अडीचशे ग्रॅमचं खेळणंही उडवता येत नाही. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी वापरायचा तर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट हवं. तयार परदेशी ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, म्हणून मेनरोडवर कुणी ‘बिलाशिवाय स्वस्तात देतो’ म्हणाला तर तिथून निघा. वर पोलिस आयुक्तालयाचे मनाईचे आदेश वेळोवेळी निघतात ते वेगळेच. एवढं सगळं पार करून जो शॉट मिळणार तो सिंहासनच. ते पैसे हप्त्यात घाला. घ्यायचंच तर चांगला ट्रायपॉड आणि एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच, घ्या.

जमिनीवरूनही थोडं जपून. पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वराचं मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालच्या वास्तू आहेत. ट्रायपॉड लावून धंद्याचं शूटिंग करायचं तर परवानगी. वायनरीच्या आवारात मालकाची परवानगी. देवळालीत लष्कराच्या भिंतीजवळ कॅमेरा काढूच नका.

रिलीजशिवायही एक वाट आहे, एडिटोरियलची. बातमी, डॉक्युमेंटरी, शिक्षण एवढ्यासाठीच वापर, जाहिरातीला नाही. त्यात गर्दीचे चेहरे, पाट्या, लोगो चालतात. फक्त घडलं तसंच द्यायचं, काही पुसायचं नाही, मथळ्यात शहर, देश आणि तारीख लिहायची. सगळ्याच एजन्सी असा व्हिडिओ घेत नाहीत, आधी नियम वाचा. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर यातलं सोनं आहे. गोदावरीला पूर आला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, हे आख्खं नाशिक विचारतं. तेव्हा तुम्ही तिथे पोचलेले असता आणि मुंबईचा कॅमेरामन कसाऱ्यात अडकलेला असतो. आणि समोर सिंहस्थ आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात स्नानाच्या दिवशी जगभरचे कॅमेरे येतील, त्यांच्याशी तुमची बरोबरी नाही. पण त्याआधीचं सगळं तुमचं: खोदलेले रस्ते, घाटांची कामं, तपोवनातल्या झाडांच्या तोडीवरून झालेल्या आंदोलनानंतरचं तपोवन, रिकाम्या रामकुंडावरची मंगळवारची दुपार. ‘आधी आणि नंतर’ दाखवायला प्रत्येकाला ‘आधी’ लागतं, आणि ते नंतर शूट करता येत नाही.

इंग्रजीची काळजी सोडा. इथे भाषेचं सौंदर्य कुणाला नको, दिसतं ते सांगायचं: कोण, काय करतंय, कुठे. आधी मराठीत एक वाक्य लिहा, ‘शेतकरी बाई बागेत द्राक्षाचे घड कापून क्रेटमध्ये ठेवते आहे, नाशिक, महाराष्ट्र, भारत’, आणि फोनवर भाषांतर करून एकदा कुणा जाणत्याकडून तपासून घ्या. कीवर्ड पन्नासच्या आत ठेवा. सगळ्यात नेमके आधी, कारण ॲडोबी पहिल्या दहांना जास्त वजन देतं. व्हिडिओत नसलेलं काही टाकू नका. द्राक्षाच्या क्लिपला ‘ताजमहाल’ लावून कुणी श्रीमंत झालेला नाही.

एआयचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ढग, लाटा, चमकणारे ठिपके, अनोळखी शहराची रात्र, असलं फुटेज आता मशीन बनवतं, त्यात पडू नका. ॲडोबी तसं फुटेज लेबल लावून घेतं, शटरस्टॉक घेत नाही. पण आपल्या द्राक्षाच्या मांडवावरचा घड, बाजार समितीतला लिलाव, कांदाचाळीतली आजी हे खऱ्या जागी जाऊन काढलेलं असल्याचा विश्वास बातमीवाल्याला आणि डॉक्युमेंटरीवाल्याला हवा असतो. दुसरी गोष्ट, तुमच्या क्लिपा एआय शिकवायलाही वापरल्या जातात. शटरस्टॉकच्या सेटिंगमध्ये त्याला नकार द्यायची सोय आहे. द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण तो पर्याय आहे हे माहीत असू द्या.

खातं उघडताना अमेरिकी कराचा डब्ल्यू-८ बीईएन नावाचा फॉर्म येईल. कंटाळून पुढे जाऊ नका. पॅन नंबर टाकून तो भरलात तर भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या विक्रीतल्या तुमच्या पैशावर १५ टक्के कर कापतात, नाहीतर ३०. इथल्या रिटर्नमध्ये हे उत्पन्न दाखवावं लागतं आणि तिथे कापलेल्या कराचं श्रेय मागता येतं. सीएला वर्षाच्या शेवटी नाही, आत्ताच सांगून ठेवा. ॲडोबीवर २५ डॉलर साठल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. सुरुवातीला ते २५ साठायलाच वेळ लागेल, त्याने नाराज होऊ नका.

या चार महिन्यांत दीडशे-दोनशे नीट क्लिपा चढवा. सीझन लागला की बंद, तेव्हा लग्नंच करा. पुढच्या पावसाळ्यात काय विकलं गेलं ते बघून ठरवा की या कामाला आणखी किती दिवस द्यायचे.

आणि एक वाट मला याहून जास्त पटते, जरी तिथे झोपेत काही मिळत नाही. छाटणीपासून पॅकिंगपर्यंतचं तुमच्याकडे साठलेलं फुटेज दिंडोरी-निफाडकडच्या निर्यातदाराला, ठिबकवाल्याला, एखाद्या शेतकरी कंपनीला नेऊन दाखवा. त्यांना परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायला व्हिडिओ लागतो, आणि ते रुपयांत, ॲडव्हान्ससकट पैसे देतात. तेच फुटेज त्यांनाही द्यायचं आणि स्टॉकवरही ठेवायचं असेल, तर दोन ओळींचा कागद करा. कोटेशनच्या खाली लिहा: ‘या चित्रीकरणाचा कॉपीराइट चित्रीकरण करणाऱ्याकडे राहील, कंपनीला स्वतःच्या प्रसिद्धीसाठी वापराचा हक्क आहे.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख. पुढच्या लग्नांच्या पावतीवरही काय लिहायचं ते याच वेळी वकिलाला विचारून घ्या.